याकूबभाईंचं हळू विमान

कॅमेरा घ्यायला आलेला माणूस काय विचारणार हे मला पाठ झालं होतं. किंमत, गॅरंटी, आणि फ्लॅश आतलाच आहे की वेगळा घ्यावा लागतो. याकूबभाईंनी विचारलं, "यातला सगळ्यात हलका कुठला?" आणि मी तोंड उघडायच्या आत कापडी पिशवीतून स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा काढून काउंटरवर ठेवला. शोकेसमधले सगळे छोटे कॅमेरे त्यांनी एकेक करून तोलले, सेल घालून एकदा आणि सेल काढून एकदा. एकाचीही काच डोळ्याला लावून पाहिली नाही. शेवटी निवडला तो प्लास्टिकचा, दिसायला अगदी दरिद्री, वर्षभर कुणी हात न लावलेला.

"याचा फ्लॅश उपटून टाकला तर अजून किती उतरेल?"

"फ्लॅश उपटलात तर घरातले फोटो कसे येतील?" मी म्हटलं.

"मना घरातले नकोत. मना वरून काढायचेत."

अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीनंतरची ही गोष्ट. रत्नागिरीच्या बाजारात माझा छोटा फोटो स्टुडिओ होता. मागच्या खोलीत काळ्यापांढऱ्या फोटोंची डार्करूम होती आणि ती बंद पडायच्या बेतात होती, कारण रंगीत रोल सगळे कोल्हापूरला मशीनवर जायचे. काळापांढरा फोटो काढायला येत ते फक्त पासपोर्टवाले, आणि एखाद्या म्हाताऱ्याचा भिंतीवर लावायचा फोटो मोठा करून मागणारे. याकूबभाईंचं घर गावाबाहेर खाडीकाठच्या मोहल्ल्यात. तीस वर्षं ते मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. टिकटिक करून संदेश पाठवायचे आणि दुसऱ्यांची टिकटिक ऐकून लिहून घ्यायची, हे त्यांचं काम. मग उपग्रह आले, जहाजांना रेडिओवाला माणूस लागेनासा झाला आणि त्रेपन्नाव्या वर्षी ते कायमचे घरी आले. येताना एक पेटी घेऊन आले. तिच्यात जपानमध्ये कधीतरी हौसेनं घेतलेल्या, रेडिओवर उडणाऱ्या खेळण्यातल्या विमानाचे सुटे भाग होते. बारा वर्षं ती पेटी त्यांच्या केबिनमध्ये बंकखाली पडून होती.

त्यांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असत. डाव्यावर आपली वेळ आणि उजव्यावर ग्रिनिचची. आणि एक विचित्र खोड होती. प्रत्येक तासाला पंधरा मिनिटं झाली आणि पंचेचाळीस झाली, की ते तीन मिनिटं बोलायचे थांबत. वाक्य अर्धं असलं तरी थांबत. समुद्रावर त्या तीन तीन मिनिटांत सगळ्या जहाजांनी गप्प बसायचं आणि कुणी बुडणारा हाक मारतोय का ते ऐकायचं, असा नियम होता म्हणे. तीस वर्षांत तो त्यांच्या अंगात भिनला होता. नियम संपला, जहाज सुटलं, पण माझ्या दुकानात अकरा वाजून पंधरा मिनिटं झाली की समोरचा माणूस एकदम पुतळा व्हायचा. पहिल्या वेळी मला वाटलं, यांना झटका आला. मी पाणी घेऊन धावलो. त्यांनी हातानंच थांबवलं, आणि अकरा अठराला उरलेलं वाक्य पुरं केलं.

एकदा मी विचारलं, "कधी आली का कुणाची हाक?"

"आली की. एकदा चाळीस मिनिटं ऐकली. आमी दीड दिवस लांब होतो." मग म्हणाले, "ऐकून लिहून घेणे, हीच माझी नोकरी. गेलो कवाच नाय कोनाकडे."

आता विमानाचं सांगतो, कारण ते विमान म्हणजेच बरेचसे याकूबभाई होते. पेटीतलं विमान त्यांनी जसंच्या तसं जोडलं आणि भाट्याच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या टणक वाळूत उडवून पाहिलं. उडालं छान, पण फार वेगात. "हे घाईचं विमान हाय," ते म्हणाले. "घाईच्या विमानातनं फोटो म्हणजे नुसता फराटा येईल." मग घरामागच्या पडवीत त्यांनी ते पुन्हा सुटं केलं आणि हळू करायला घेतलं. पंख लांब केले, रुंद केले. त्यासाठी मासळी बर्फात पाठवायच्या थर्माकोलच्या पेट्या कापल्या आणि आत बांबूच्या कामट्या घातल्या. पंख मोठे झाले तसं विमान पोटात कॅमेरा घेऊनही सावकाश तरंगायला लागलं. नाक जड हवं म्हणून पुढे जाळ्याची शिशाची वजनं बांधली. रोज उडवायच्या आधी पंखांखाली दोन बोटं लावून ते विमान उचलत आणि ते आडवं राहतं का नाक खाली करतं ते बघत. पुरतं समाधान होईपर्यंत शिशाचा तुकडा इकडचा तिकडे सरकवत. मोहल्ल्यातली माणसं जाता जाता म्हणत, "याकूबभाय, आज वजनात भरला काय?"

पहिल्या दोन महिन्यांतले फोटो बघून मला त्यांची दया यायची. एका रोलवर इंजिनाच्या थरथरीनं सगळं हललेलं. त्यावर त्यांनी कॅमेऱ्याखाली जुन्या रबरी चपलेचे तुकडे लावले. पुढच्या रोलवर काचेवर तेल, कारण विमानाचं इंजिन एरंडेल मिसळलेल्या इंधनावर चालायचं आणि तेच मागे ओकायचं. मग धुराची नळी लांब करून पंखापलीकडे नेली. त्यानंतरच्या रोलवर छत्तीसच्या छत्तीस फोटोंत विमानाचं स्वतःचं चाक. ते चाकही कापून टाकलं आणि विमान वाळूवर पोटावर उतरवायला लागले. पाण्याची चमक मारावी म्हणून जहाजावरच्या आपल्या काळ्या चष्म्याची एक काच काढून कॅमेऱ्यावर चिकटवली, आणि उरलेला एका काचेचा चष्मा तसाच घालून ते बाजारातून फिरत. फोटो काढायच्या क्षणी इंजिन मंद करत, विमानाला नुसतं तरंगू देत, आणि विमान चालवायच्या रेडिओच्या पेटीवरची एक कळ दाबली की वर एक छोटी काडी कॅमेऱ्याचं बटण दाबत असे. "पडायच्या जरा आधी जो वेग असतो ना विनायक, तोच आपला वेग," असं मला सांगत.

हे सगळं कशासाठी, ते मला चौथ्या की पाचव्या रोलला कळलं. त्यांच्या खाडीच्या मुखावर वाळूचा बांध होता. दर पावसाळ्यात तो बांध हलायचा. त्यातून होड्यांना बाहेर जायला खोल पाण्याची एकच चिंचोळी वाट असायची आणि ती दरवर्षी नव्या जागी. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली की पहिली होडी निघायच्या आधी कुणीतरी छोट्या डोणीतून जाऊन बांबूची काठी टोचत टोचत वाट शोधायची, हा रिवाज. लाटा मोठ्या असल्या की काठी मारणाऱ्याचाच जीव टांगणीला. आदल्या साली शेजारच्या मोहल्ल्यातली एक होडी मुखावर उलटली. माणसं पोहून आली, होडीच्या फळ्या आठ दिवस किनाऱ्याला लागत राहिल्या. याकूबभाईंचा धाकटा भाऊ इस्माईल तांडेल होता, म्हणजे होडीचा म्होरक्या. मोहल्ल्याची पहिली होडी दरवर्षी तोच काढायचा. तो मुखावरून धड बाहेर जावा आणि धड आत यावा, बाकी याकूबभाईंना त्या विमानातून काही नको होतं.

इस्माईल थोरल्या भावाच्या अगदी उलट. बुटका, रुंद, मोठ्या आवाजाचा. मोहल्ल्यात शिरताना तो कुठे आहे हे कानानं कळायचं. विमानाला तो गिधाड म्हणायचा. "भाय, तुज्या गिधाडाला सांग, सुरमय कुठं हाय ती पन बगून ये." पण वाळूत विमान उतरलं की ते उचलायला तोच सगळ्यात आधी धावायचा, आणि पंखाला हात कुठे लावायचा नाही हे त्याला बरोबर माहीत होतं.

मार्चमध्ये पहिला चांगला फोटो आला. रंगीत रोल चालणार नव्हता, कारण कोल्हापूरहून तो परत येईपर्यंत वाळू दुसरीकडे गेलेली असायची. म्हणून काळापांढरा, माझ्या डार्करूममध्ये त्याच दिवशी धुतलेला. मी तो वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढा मोठा करून दिला. पांढुरक्या वाळूमधून पाण्याची काळी वाट गेलेली दिसत होती, तांदळाच्या भाकरीला भेग पडावी तशी. याकूबभाईंनी तो इस्माईलपुढे धरला. इस्माईलनं तो दोन्ही हातांत घेऊन डोळ्यांजवळ नेला. मग एका काळ्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाला, "हितं माजा नांगर अडाकला होता दोन सालांमागं." त्या दिवसापासून गिधाड हा शब्द बंद झाला. याकूबभाई मला हे सांगताना इतके खूश होते, की पाऊण वाजून गेला तरी बोलत राहिले.

त्या उन्हाळ्यात सरहद्दीवर लढाई चालू होती आणि किनाऱ्यावर कोण रेडिओ घेऊन काय उडवतो याकडे लोकांचं लक्ष वाढलं होतं. कुणीतरी तक्रार केली. पोलिसांनी याकूबभाईंना चौकशीला बोलावलं, विमान आणि रेडिओची पेटी ठेवून घेतली. ओळखीचा दुकानदार म्हणून मलाही नेलं. साहेब विचारत होते, "हे कोणाला पाठवता?" आणि नेमके सव्वा बारा वाजले. याकूबभाई गप्प. साहेबांनी पुन्हा विचारलं. गप्पच. मी नियम, जहाज, तीन मिनिटं असं काहीबाही सांगायला लागलो तर ते ऐकून साहेब आणखीच भडकले. बारा अठराला याकूबभाईंनी शांतपणे सांगितलं, "माझ्या भावाला." पंधरा दिवसांनी सामान परत मिळालं तेव्हा एक पंख मोडलेला होता. सामान नीट मिळाल्याचा कागद पुढे आला, त्यावर याकूबभाईंनी लिहिलं की पंख माझ्याच हातून मोडला. बाहेर आल्यावर मी चिडून विचारलं, असं का लिहिलंत? "कुनीतरी मोडलाय ना? मग नाव कुनाचं तरी पायजे," म्हणाले. मला तेव्हा ते हसण्यावारी न्यावंसं वाटलं.

ऑगस्टात नारळी पौर्णिमा आली. होड्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या भरतीला निघणार होत्या. आदल्या दिवशी सकाळी ओहोटीला, पावसानं उघडीप दिलेल्या अर्ध्या तासात, याकूबभाईंनी विमान उडवलं आणि अकरा वाजता रोल घेऊन दुकानात आले. मी तो धुतला, वाळवला. सगळ्यात चांगला फोटो निवडून निगेटिव्हची पट्टी फोटो मोठा करायच्या यंत्रात घातली. इतक्यात तीन पोरं आली. त्यांची एजंटाकडची गाडी दोन वाजता सुटणार होती आणि आखातासाठी प्रत्येकाला आठ आठ पासपोर्ट फोटो हवे होते. मी याकूबभाईंना विचारलं, यांचं आधी उरकू का? ते म्हणाले, "उरक, त्यांची गाडी हाय." मी वाळूची पट्टी काढून ठेवली, पोरांचे फोटो केले, आणि मग पट्टी परत यंत्रात घातली.

निगेटिव्हला दोन बाजू असतात. एक चकचकीत, एक मंद. मंद बाजू खाली ठेवायची. उलटी ठेवली तर फोटो आरशातल्यासारखा येतो, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. माणसाचा फोटो उलटला तर लगेच कळतं. भांग दुसरीकडे जातो, खिसा दुसरीकडे जातो. वाळू आणि पाणी यांत काय कळणार? सतरा वर्षं मी हे काम करत होतो आणि पट्टी आत सरकवताना बोटानं बाजू चाचपायची मला सवय होती. त्या दुपारी मी चाचपली की नाही, हे मला आजही आठवत नाही.

याकूबभाईंनी ओल्या फोटोवरच बोट फिरवलं. वाट बांधाच्या डाव्या अंगाला दिसत होती. वाळल्यावर त्यांनी लाल पेन्सिलनं तिच्यावर रेघ मारली, खाली तारीख, वेळ आणि सही. फोटो प्लास्टिकमध्ये गुंडाळला आणि छत्रीखाली धरून घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम बघायला गेलो. खरं सांगायचं तर मी केलेला फोटो समुद्रावर जाताना मला बघायचा होता, आणि कुणी दोन शब्द चांगले बोलले तर ऐकायचे होते. सहा होड्या होत्या. इस्माईलची पुढे. याकूबभाई गुडघाभर पाण्यात उभे राहून त्याला म्हणाले, "तरी आधी काठी मारून घे."

इस्माईलनं प्लास्टिकमधला फोटो वर धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "भाय, येवढा फोटो काढलास तो काय भिंतीवर लावायला? काठी मारली तर लोक हसतील तुना."

याकूबभाई हसले. मी त्यांना इतकं मोकळं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. होडी निघाली, मुखापाशी गेली आणि डावीकडे वळली. भरतीचं पाणी वर सगळीकडे सारखंच दिसत होतं. मग होडी एकदम थांबली. इंजिनाचा आवाज चढला, पण होडी जागची हलली नाही. ती वाळूवर चढली होती. पहिल्या लाटेनं तिला आडवी केली आणि दुसरीनं पालथी. बाकीच्या होड्या मागे वळल्या. तीन खलाशी पोहत आले. इस्माईल होडीखाली सापडला होता. दुपारी ओहोटी लागल्यावर त्याला बाहेर काढलं.

दफन झाल्यावर मशिदीच्या अंगणात जाणत्या लोकांनी विचारलं, असं झालं कसं? याकूबभाई उभे राहिले आणि म्हणाले, "वाट फोटोत होती. रेघ मी चुकीची मारली." तेव्हा त्यांना खरोखरच तसं वाटत होतं.

चौथ्या दिवशी ते दुकानात आले. त्या रोलच्या निगेटिव्ह मागितल्या. मी पाकीट दिलं. दारापाशी उजेडात जाऊन त्यांनी पट्टी डोळ्यांपुढे धरली. कडेचे आकडे सुलटे वाचता येतील अशी. बराच वेळ धरून ठेवली. मग पाकिटात घातली, पाकीट काउंटरवर ठेवलं आणि निघून गेले. ते रस्त्याच्या वळणापर्यंत गेल्यावर मी पट्टी काढून तशीच उजेडात धरली. आकडे सुलटे होते आणि वाट बांधाच्या उजव्या अंगाला होती.

मी दुकान बंद केलं. मागच्या खोलीत जाऊन बसलो. माझ्या हातानं एक माणूस मेला होता, आणि तो गेल्यावर चार दिवस मी पासपोर्ट फोटो करत बसलो होतो.

दोन दिवसांनी धीर करून त्यांच्या घरी गेलो. ते पडवीत बसले होते. समोर विमान होतं, पण हात कामात नव्हते. मी उभ्यानंच म्हणालो, "याकूबभाई, तो फोटो..."

"मना म्हायत हाय," ते म्हणाले. "बस."

मी बसलो नाही. म्हटलं, मी मशिदीत येऊन सगळ्यांसमोर सांगतो. इस्माईलच्या घरी सांगतो. ते म्हणाले, "सांगून काय करशील? तुज्या दुकानाच्या काचा फुटतील. गावात चार लोक वेगळाच अर्थ काढतील. आनि जुबेदाला तिचा मानूस काय परत भेटनार हाय?" जुबेदा म्हणजे इस्माईलची बायको. मी रडायला लागलो तसा त्यांचा आवाज कडक झाला. "जहाजावर संदेश आला की दोनदा वाचून घ्यायचा. एकदा कागदावर, एकदा कानानं. मी फोटो निगेटिव्हशी ताडून नाय बगितला. सही माजी हाय. तू उलटा केलास, मी सही केली. आता जा. मना एकट्याला बसू दे."

त्यांनी मला क्षमा केली असं मी समजत नाही. क्षमा केली असती तर चहा दिला असता. त्यांनी फक्त मला त्यातून वगळलं. आणि लाज वाटते सांगायला, पण त्या संध्याकाळी घरी जाताना मला हलकं वाटलं. मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, महिन्यानं नाही, पुढे कधीच नाही.

मोहल्ल्यानं त्यांना वाळीत वगैरे टाकलं नाही. सलामाला सलाम मिळत होता. पण होडी आली की त्यांच्या घरी जाणारी वाट्याची मासळी बंद झाली. वजनात भरला काय, असं विचारणारं कुणी उरलं नाही. जुबेदाला मी एकदा बाजारात पाहिलं. समोरून याकूबभाई येत होते. ती लहान मुलीचा हात धरून रस्ता ओलांडून गेली. याकूबभाई जिथे होते तिथेच थांबले, ती लांब जाईपर्यंत. मी दुकानातून बघत होतो. काउंटरच्या बाहेर यायला मला चार पावलं पुरली असती.

मला वाटलं होतं, विमान आता संपलं. पुढच्या मार्चमध्ये ते रोल घेऊन आले. काउंटरवर ठेवला आणि बाकावर बसले. मी धुतला, सुकवला, पहिली पट्टी काचेवर ठेवून भिंगातून पाहिली आणि माझे हात थांबले. आता प्रत्येक फेरीचा पहिला फोटो त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून काढला होता, किनाऱ्यावरून विमान अगदी कमी उंचीवर नेऊन. त्यात ते स्वतः उभे होते. समुद्राकडे तोंड, डाव्या हातात रेडिओची पेटी, आणि उजवा हात खांद्यातून सरळ आडवा. त्या हातात पांढरा टॉवेल. तेवढा वेळ विमान एका हातावर सांभाळायचं म्हणजे ते आणखी हळू करावं लागलं होतं. त्यासाठी पंख पुन्हा वीतभर वाढवले होते.

हा हात माझ्यासाठी होता. डार्करूममध्ये मी पट्टी कशीही घातली तरी उजवं कुठलं ते मला कळावं म्हणून. ते बाकावर बसून होते, एका काचेचा चष्मा कपाळावर ढकललेला.

पाच वर्षं हे चाललं. मार्चला एकदा, ऑगस्टला होड्या निघायच्या आदल्या दिवशी एकदा. मी फोटो मोठा करून द्यायचो, ते तो निगेटिव्हशी ताडून बघायचे, मग मला एकदा बघायला लावायचे, आणि त्यानंतर लाल रेघ मारायचे. तो फोटो धक्क्यावरच्या फळ्यावर लावायचे. कुणी बघत नसे. एकदा कुणीतरी फाडला, त्यांनी दुसरी प्रत लावली. होड्या काठी मारत मारतच बाहेर जात, आणि काठीनं सापडलेली वाट दरवर्षी लाल रेघेवरच असायची. हे फक्त त्यांना आणि मला माहीत होतं. मी एकदा म्हटलं, "याकूबभाई, कोणी बघत नाही हो." ते म्हणाले, "एखाद्याची काठी हातातनं सुटली तर?"

चौथ्या साली त्यांचा श्वास लागायला लागला. दुकानाची एक पायरी चढून आले की पाच मिनिटं बोलता यायचं नाही. पाचव्या साली, ऑगस्टातल्या त्या दिवशी, ते आले नाहीत. रिक्षावाल्याबरोबर रोल पाठवला. रोल आला त्याच दुपारी मोहल्ल्यातून फोन आला की याकूबभाई गेले. सकाळी वाळूवरून घरी आले, पडवीत आडवे झाले ते झालेच.

माझी डार्करूम तोवर बंद होऊन वर्ष झालं होतं. फक्त त्यांच्या दोन रोलांसाठी मी रसायनं ठेवली होती. दफनाला जायच्या आधी मी तो रोल धुतला, कारण होड्या दुसऱ्या दिवशी निघणार होत्या. पट्टी यंत्रात घालताना मंद बाजू बोटानं चाचपली, ओठाला लावून पाहिली, पुन्हा चाचपली. कागद ट्रेमध्ये सोडला. आधी लाटांची कड आली, मग वाळू, मग मधोमध एक माणूस. उभा नव्हता. त्यांना उभं राहवलं नव्हतं. मासळीच्या पालथ्या पेटीवर बसले होते, पाठ वाकलेली, डाव्या मांडीवर रेडिओची पेटी. उजवा हात मात्र खांद्यातून सरळ आडवा होता.